भाराची वाट

रस्त्यावरून जाणाऱ्याला कमानी पूल दिसत नाही. त्याला दिसतो डांबरी रस्ता, दोन्ही अंगांचे कठडे आणि फार तर खालचे पाणी. पूल पाहायचा तर काठाची पायवाट धरून खाली उतरावे लागते. धुण्याच्या घाटावर किंवा उन्हाळ्यात उघड्या पडलेल्या वाळूत उभे राहून मान वर केली, की ज्याच्यावरून आपण वर्षानुवर्षे ये-जा केली ते बांधकाम पहिल्यांदा नीट समोर येते. ओळीने उभे असलेले खांब, एका खांबावरून दुसऱ्यावर झेपावलेल्या कमानी आणि प्रत्येक कमानीत मोजूनमापून बसवलेले दगड. या पुस्तकातले पूल अशाच जागेवरून, पात्रात उतरून पाहिलेले आहेत, आणि वाचकानेही ते तसेच पाहावेत अशी इच्छा आहे.

जुन्या कमानी पुलांविषयी बोलताना आपण त्यांच्या देखणेपणाचे कौतुक वेगळे करतो आणि मजबुतीचे वेगळे. माझ्या मते ही फोड चुकीची आहे. दगडी पुलावरचा भार जमिनीपर्यंत ज्या वाटेने उतरतो, ती वाटच दगडात बांधून काढली की कमान तयार होते. डोळ्यांना सुखावणारी वक्ररेषा आणि बैलगाडीपासून मालट्रकपर्यंत सगळ्यांचे वजन पेलणारी रेषा एकच असते. काम समजले की रूप उलगडते, आणि रूप नीट पाहिले की पूल कुठे थकला आहे तेही कळू लागते. पुढच्या सगळ्या प्रकरणांच्या मुळाशी एवढेच म्हणणे आहे.

त्यासाठी थोडे दगडाच्या स्वभावाविषयी सांगायला हवे. दगड दाब उत्तम सोसतो, ताण मात्र त्याला सोसत नाही. दोन खांबांवर लांब शिळा आडवी टाकली, की स्वतःच्याच वजनाने ती किंचित वाकते, तिच्या खालच्या अंगाला ताण बसतो आणि तिथून तडा जातो. आपल्या जुन्या देवळांच्या मंडपांत खांब इतके जवळजवळ का, याचे उत्तर इथे आहे. नदीत मात्र असे जवळजवळ खांब उभे करून चालत नाही. कमानीने ही अडचण सोडवली. तिच्यातला प्रत्येक दगड पाचरीसारखा, वर रुंद आणि खाली अरुंद घडवलेला असतो. तो खाली घसरू पाहतो आणि दोन्ही शेजारी त्याला अडवतात. वरून जितका भार येईल तितके सांधे अधिक आवळले जातात. ताणाला कुठे जागाच उरत नाही, उरतो तो फक्त दाब. दगडाला तेच तर हवे असते.

याची किंमत पायाशी मोजावी लागते. कमान आपला भार सरळ खाली सोडत नाही, ती काठाला बाहेर ढकलतही असते. हा आडवा रेटा रात्रंदिवस चालू असतो, पुलावर एकही वाहन नसले तरी. काठावरचा बांध हटला नाही तर कमान शतकानुशतके उभी राहते. बांध जरा सरकला की कमान पसरते आणि माथा खाली बसतो.

कमानीचा योग्य आकार कोणता, याचे एक सुंदर उत्तर इंग्रज शास्त्रज्ञ रॉबर्ट हुक याने १६७५ मध्ये दिले. दोन हातांत साखळीची टोके धरून ती सैल सोडली, की ती ज्या आकारात लोंबते तोच आकार उलटा करून दगडात उभारावा. साखळीत सगळा ताण असतो, उलट्या आकारात सगळा दाब. हुकने हे सूत्र अक्षरांची उलटापालट करून कोड्याच्या रूपात छापले आणि त्याचा उलगडा जगापुढे आला तो त्याच्या मृत्यूनंतर. रोमन, चिनी किंवा इराणी गवंड्यांना असे सूत्र माहीत असण्याचे कारण नव्हते. त्यांनी कमान पुरेशी जाड ठेवली, म्हणजे भाराची अदृश्य रेषा दगडांच्या जाडीतून बाहेर पडत नसे. रेषा आत आहे तोवर कमान सुरक्षित. त्यामुळेच एखाददुसरी फट पडली म्हणून कमान कोसळत नाही. तीन ठिकाणी सांधे उघडले तरी ती तोल सावरून उभी राहते. चौथा सांधा उघडला की मात्र तिचा आकार टिकत नाही.

पुलाजवळ गेल्यावर हे सगळे दगडांतच वाचता येते. कमान जिथे खांबातून निघते तिथले सांधे जवळजवळ आडवे असतात. वर चढत जावे तसे ते तिरके होत जातात आणि माथ्यावर, चावीच्या दगडापाशी, उभे होतात. प्रत्येक सांधा भाराच्या वाटेला काटकोनात कापलेला असतो. दगडाच्या दर्शनी तोंडावर टाकीचे बारीक घाव अजून ओळखता येतात. कडा मात्र घासून सरळ केलेल्या असतात, कारण दोन दगड पूर्ण तोंडाने एकमेकांना भिडले नाहीत तर सगळा दाब एका कोपऱ्यावर येऊन तो कोपरा फुटतो. त्या सांध्यांत चुना असतो. घाण्यात मळलेला, सावकाश घट्ट होणारा चुना. कमान आधी लाकडी साच्यावर रचली जाते आणि चावीचा दगड बसल्यावर साचा हळूहळू उतरवला जातो. त्या घडीला कमान थोडी खाली बसते, आपला तोल आपण शोधते. चुना तोवर पुरता कडक झालेला नसतो, म्हणून तो तिला तेवढे हलू देतो.

आता दोन पुलांकडे जरा निवांत पाहू. पहिला चीनमधल्या हपै प्रांतातला आन्ची पूल. सुई राजवटीत, इसवी सन ५९५ ते ६०५ या काळात ली छुन नावाच्या कारागिराने तो बांधला. एकच गाळा, सुमारे ३७ मीटरचा, आणि उंची मात्र जेमतेम ७ मीटर. रोमन पुलांच्या अर्धगोल कमानी पाहिलेल्याला ही चपटी कमान चकित करते. अर्धगोल कमानीने एवढा गाळा पार करायचा तर माथा १८ मीटरच्या वर गेला असता आणि गाड्या चढवणे अवघड झाले असते. ली छुनने वर्तुळाचा छोटा तुकडाच घेतला आणि चढ सौम्य केला. कमानीच्या दोन्ही खांद्यांवर त्याने आणखी दोन-दोन लहान कमानी ठेवल्या. त्या पोकळ्यांमुळे पुलाचे वजन घटले आणि पूर आला की जास्तीच्या पाण्याला वाट मिळाली. मुख्य कमानही एकसंध न ठेवता शेजारी-शेजारी लावलेल्या २८ पट्ट्यांची केली, त्यामुळे एखादी पट्टी निखळली तर बाकीच्यांना धक्का न लावता ती दुरुस्त करता येते. चौदाशे वर्षांनंतरही हा पूल उभा आहे. त्याच्या खांद्यांवरच्या त्या चार पोकळ्या झाकून पाहिल्या तर पूल एकदम जड आणि सामान्य दिसू लागतो. वजन कमी करण्यासाठी केलेली युक्तीच त्याचा डौल होऊन बसली आहे.

दुसरा पूल वेल्समधल्या पाँटिप्रिद गावचा. विल्यम एडवर्ड्स या स्थानिक गवंड्याने टॅफ नदीवर आधी तीन कमानींचा पूल बांधला, तो पुरात गेला. मग त्याने नदीत खांबच नको म्हणून एकच मोठी कमान उभारायचे ठरवले. तिथेही अपयश आले. कमानीचे खांदे भरावाने इतके जड झाले की त्यांच्या दाबाने हलका माथा वर उचलला गेला आणि कमान फुटली. अखेर १७५६ मध्ये उभा राहिलेल्या पुलात त्याने दोन्ही खांद्यांत तीन-तीन गोल बोगदे ठेवले. खांदे हलके झाले आणि १४० फुटांची कमान स्थिर झाली. ली छुन आणि एडवर्ड्स यांच्यात साडेअकराशे वर्षांचे अंतर होते. दगडाने दोघांना एकच उत्तर द्यायला लावले. एडवर्ड्सचा पूल अतिशय देखणा असला तरी त्याचा चढ गाड्यांना फार उभा पडे, म्हणून १८५७ मध्ये त्याला लागूनच दुसरा पूल बांधावा लागला. आन्चीचा सौम्य चढ किती विचारपूर्वक साधलेला होता, हे या तुलनेतून उमगते.

पुलाचा खरा सामना नदीशी असतो. पात्रात खांब रोवला की प्रवाहाची वाट तेवढी अरुंद होते. रोमन पुलांचे खांब गाळ्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढे जाड असत. १२०९ मध्ये पुरा झालेला जुना लंडन पूल तर इतक्या जाड खांबांचा होता की तो टेम्स नदीला बांधासारखा अडवी. ओहोटीच्या वेळी त्याच्या दोन बाजूंच्या पाण्यात माणसाच्या उंचीएवढा फरक पडे आणि गाळ्यांतून नाव नेणे जिवावरचे काम होई. फ्रान्समध्ये झाँ-रोदोल्फ पेरोने याने ओळखले की शेजारच्या दोन कमानींचे रेटे मधल्या खांबावर एकमेकांना तोलून धरतात, मग खांब जाड कशाला? १७७२ मध्ये नुईच्या पुलाचे साचे राजा पंधराव्या लुईच्या समोर उतरवले गेले, तेव्हा सुमारे ३९ मीटरच्या गाळ्यांना जेमतेम ४ मीटरचे खांब होते. पाणी मोकळे वाहू लागले. पण जोखीमही आली. अशा पुलात एक कमान गेली तर शेजारच्या कमानीचा रेटा अडवायला कोणी उरत नाही. म्हणून अनेक लांब पुलांत ठरावीक गाळ्यांनंतर एखादा जाडजूड खांब मुद्दाम ठेवलेला आढळतो. त्याचे वेगळेपण नजरेत भरते आणि त्याचे कारण कळले की पूल बांधणाऱ्याच्या दूरदृष्टीविषयी आदर वाटतो.

पूल नदी ओलांडून देतो, हे त्याच्या अनेक कामांतले एक काम. इराणमधल्या इस्फहान शहरात दुसरा शाह अब्बास याच्या काळात, १६५० च्या सुमारास बांधलेला खाजू पूल त्याच वेळी धरणही आहे. त्याच्या गाळ्यांत दारे घालून जायंदेरूद नदीचे पाणी अडवले जाई आणि बागांकडे वळवले जाई. खालच्या अंगाला पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्या, वर सावलीतली बैठकीची जागा, मधोमध शाही मंडप. उन्हाळ्याच्या संध्याकाळी गावाने जमावे असे ते ठिकाण.

पुलाशी माणसे किती जोडलेली असतात ते बोस्नियातल्या मोस्तार शहराने दाखवले. उस्मानी वास्तुकार सिनान याचा शिष्य मिमार हैरुद्दीन याने नेरेत्वा नदीवर १५६६ मध्ये पुरा केलेला एकाच कमानीचा पूल ९ नोव्हेंबर १९९३ रोजी युद्धातल्या तोफगोळ्यांनी पाडला. त्या गावाने पूल पुन्हा बांधला तो काँक्रीटचा नव्हे. त्याच परिसरातला तेनेलिया दगड आणला, जुन्या पद्धतीने घडवला, कमान पुन्हा जोडली आणि २००४ च्या जुलैमध्ये पूल पुन्हा खुला केला. स्वस्तातला, लवकर होणारा पूल त्यांना हवा असता तर मिळाला असता. त्यांना त्यांची रेषा परत हवी होती.

भारतात कमान येण्याआधीही दगडी पूल होते. पुरीचा अठरा नाला पूल पाहिला तर त्यात खरी कमान नाही. दगडांचे थर एकेक पुढे सरकवत मध्यावर मिळवलेले आहेत. या रचनेत दगड एकमेकांवर रेलत नाहीत, नुसते पुढे डोकावतात, त्यामुळे गाळे अरुंद ठेवावे लागतात. सुलतानांच्या आणि मोगलांच्या काळात चुन्यात बांधलेली खरी कमान रुळली आणि पुलांनी मोठे गाळे घेतले. जौनपूरचा गोमती नदीवरचा शाही पूल अकबराच्या काळातला, १५६८ चा. हैदराबादेत मुसी नदीवरचा पुराना पूल कुतुबशाहीतला, १५७८ चा. छत्रपती संभाजीनगरात खाम नदीच्या काठी शहराच्या दरवाज्यांना जोडूनच कमानी पूल आहेत, दरवाजा आणि पूल मिळून एकच वास्तू. गोव्यात पणजी आणि रायबंदर यांना जोडणारा पोंत द लिन्हारेस १६३३-३४ मधला. दलदलीतून गेलेला हा सुमारे ३ किलोमीटरचा जांभ्या दगडाचा मार्ग भरतीच्या पाण्याला कमानींमधून वाट देतो आणि आजही त्यावरून गाड्या धावतात.

महाराष्ट्रातल्या कमानी पुलांचा मोठा भाग एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकातला. काळा पाषाण मुबलक आणि तो घडवणारे वडार, पाथरवट, बेलदार पिढ्यान्पिढ्या तरबेज. खंडाळ्याच्या बोर घाटातला लोहमार्ग १८५६ ते १८६३ या काळात बांधला गेला. २५ बोगदे आणि दऱ्यांवरून नेणारे ८ दगडी पूल. १८६१ च्या सुमारास तिथे ४२,००० माणसे राबत होती, आणि पटकीने, अपघातांनी किती दगावली याची गणती कठीण. स्पेनमधल्या अल्कांतारा पुलाजवळच्या छोट्या देवळात गायस ज्युलियस लेसर या बांधणाऱ्याचे नाव इसवी सन १०६ पासून कोरलेले आहे. बोर घाटातल्या कमानी रचणाऱ्यांपैकी एकाचेही नाव दगडावर नाही. या पुस्तकात प्रत्येक पुलाच्या माहितीत गव्हर्नर आणि इंजिनिअर यांच्या आधी दगड कुठल्या खाणीतला आणि तो घडवणारे कोण, हे शक्य तिथे नोंदवले आहे ते यासाठी.

काही पूल गावाच्या बोलण्यातच शिरलेले आहेत. पुण्यातला १९२३ चा शिवाजी पूल आजही जुन्या पुणेकरांना नवा पूलच आहे. १९६१ मध्ये पानशेत धरण फुटले तेव्हाचे पाणी त्याने सोसले. कोल्हापुरात पंचगंगेवरचा शिवाजी पूल १८७० च्या दशकातला. सांगलीत कृष्णेवर १९२९ मध्ये खुला झालेला आयर्विन पूल तर नदीचे माप झाला आहे. पावसाळ्यात सांगलीकर एकमेकांना विचारतात, "आयर्विनला किती फूट?" ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका. या आकड्यांवर घरातले सामान माडीवर चढते, जनावरे हलतात, दुकाने रिकामी होतात. पुलाचे असेही एक काम असते आणि ते कोणत्याही आराखड्यात लिहिलेले नव्हते.

आता पुलांच्या मरणाविषयी, कारण हे पुस्तक लिहिण्यामागची निकड तीच आहे. बोर घाटातला एक मोठा दगडी पूल सुरू झाल्यावर चार-पाच वर्षांतच, १८६७ च्या जुलैत कोसळला आणि दोष निकृष्ट दगडकामाचा ठरला. बाहेरून घडीव दगड आणि पोटात कच्चा भराव, असे काम कमान सहन करत नाही. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन कमानी पूल महापुरात वाहून गेला. दोन एसटी बस आणि इतर वाहने अंधारात त्या खिंडारात गेली. त्यात गेलेल्यांच्या घरांचे दुःख कोणत्याही पुस्तकाने हलके होणार नाही. पण त्या रात्रीनंतर जुना पूल दिसला की पाडा म्हणणे किंवा जुने ते सोने म्हणून डोळे मिटणे, हे दोन्ही मार्ग चुकीचे आहेत.

कमानी पूल सहसा वरच्या भाराने मरत नाही. तो मरतो खालून आणि आतून. पुराचे पाणी खांबाला वळसा घालताना तळ उकरते आणि पाया उघडा पडतो. पात्रातली वाळू उपसली जाते तिथे हे काम दुप्पट वेगाने होते. पिंपळाचे किंवा वडाचे रोप सांध्यात रुजते आणि त्याची मुळे दगडाला दगडापासून सोडवतात. डांबराचे थरावर थर चढतात, पाणी निघून जाण्यासाठी ठेवलेली भोके बुजतात, भराव पाणी पिऊन फुगतो आणि बाजूच्या भिंतींना पोट सुटते. चुन्याच्या सांध्यांवर सिमेंट लिंपले की आतला ओलावा कोंडतो आणि दगडाचीच सालपटे निघू लागतात. यातली एकही गोष्ट एका रात्रीत होत नाही. प्रत्येकीला वर्षे लागतात आणि प्रत्येक वर्षी ती डोळ्यांना दिसत असते, फक्त कोणीतरी खाली उतरून पाहायला हवे. पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर पाया तपासणे, रोपे लहान असताना मुळासकट काढणे, भोके मोकळी ठेवणे, सांधे चुन्यानेच भरणे आणि गरज पडेल तिथे जड वाहने शेजारच्या नव्या पुलावर वळवणे. उपाय साधे आहेत. त्यांना लागते ती सवय.

पुस्तकाची मांडणी याच क्रमाने केली आहे. पहिला भाग कमानीच्या बांधणीचा, दगड, चुना आणि साचा यांचा. दुसऱ्या भागात जगातले निवडक पूल, प्रत्येकाला सोडवावा लागलेला प्रश्न सांगून. तिसऱ्या भागात महाराष्ट्र आणि गोव्यातले पूल नदीवार घेतले आहेत. शेवटच्या भागात देखभालीची माहिती आहे आणि ती इंजिनिअरइतकीच ग्रामपंचायतीच्या सदस्याला, शाळेतल्या शिक्षकाला आणि नदीकाठी राहणाऱ्या कोणालाही समजावी अशा भाषेत लिहिली आहे. गणित नको असेल त्याने पहिल्या भागातली आकडेमोड सोडून पुढे जावे. चित्रे मात्र सोडू नयेत, कारण भाराची रेषा प्रत्येक चित्रात दाखवली आहे.

वाचकाकडे एक मागणी आहे. हे पुस्तक वाचून झाल्यावर आपल्या गावाजवळचा एक कमानी पूल निवडावा आणि तो आपला मानावा. पावसाळा सरला की पात्रात उतरून त्याचे खांब, सांधे, कठडे पाहावेत, फोटो काढून तारीख घालून ठेवावेत. पुढच्या वर्षी त्याच जागेवरून पुन्हा तेच करावे. फट वाढलेली दिसली, पाया उघडा पडलेला दिसला, सांध्यात झाड वाढलेले दिसले, तर सार्वजनिक बांधकाम विभागाला लेखी कळवावे आणि उत्तर मिळेपर्यंत पाठपुरावा करावा. ज्या पुलावर गावाची अशी नजर असते, त्याची डागडुजी वेळेवर होण्याची शक्यता कितीतरी वाढते. सौंदर्याचे कौतुक तिथवर पोहोचले तरच या पुस्तकाचे काम झाले असे मी मानेन.